सोलापुरात एचआयव्हीची औषधं कशी मिळतात आणि खिशातून नेमकं काय जातं

२०१२ साली माझा रिपोर्ट आला तेव्हा मी सगळ्यात आधी शिलाई मशीन विकायला काढलं होतं. युनिफॉर्म शिवायचं काम, घरात एकच जुकी, तीही हप्त्यावर घेतलेली. कुणीतरी सांगितलं होतं की या आजाराची औषधं महिन्याला पाच-सहा हजारांची असतात आणि मरेपर्यंत घ्यावी लागतात. गिऱ्हाईक येऊन मशीन बघूनही गेलं. तेवढ्यात नणंदेच्या ओळखीच्या एक सिस्टर म्हणाल्या, "अगं, सिव्हिलला गेलीस का? तिथं गोळीला पैसे पडत नाहीत." ते मशीन अजून माझ्याकडेच आहे.

पुढं एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रावर, रांगेत बसून बसून कळलं की माझ्यासारखे बरेच. कुणी सोनं गहाण टाकलेलं, कुणी बचत गटातून कर्ज उचललेलं, तेही जे फुकट मिळतं त्याच्यासाठी. भारतात सरकारी केंद्रांतून ही औषधं १ एप्रिल २००४ पासून मोफत आहेत. २०१७ पासून तर सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, किती आहे हे न बघता प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला लगेच औषध सुरू करतात. खर्च होतो तो गोळीच्या आजूबाजूला. बुडालेला रोज, एसटी, बाहेरून करून आणलेल्या तपासण्या, नको ती टॉनिकं, आणि कुणाला कळू नये म्हणून केलेली धडपड. हा शेवटचा खर्च सगळ्यात जड, आणि तो कुणी वहीत लिहीत नाही.

नवीन असाल तर काय, कुठं, कसं करायचं ते खाली सांगते. मी डॉक्टर नाही. गोळीत बदल करायचा असेल तर सेंटरवरच्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी रिपोर्ट पक्का करून घ्या

खाजगी लॅबमध्ये ऑपरेशनच्या आधी किंवा गरोदरपणात रक्त तपासलं आणि कागदावर पॉझिटिव्ह आलं, एवढ्यावर औषध सुरू होत नाही. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सल्ला-तपासणी केंद्रात, जायचं. सिव्हिल, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय अशा ठिकाणी हे केंद्र असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातही पहिली तपासणी होते, पण तिथं पॉझिटिव्ह दिसलं तर पक्कं करायला आयसीटीसीतच पाठवतात. तिथं एकाच रक्तावर तीन वेगवेगळ्या किट लावतात आणि तिन्ही पॉझिटिव्ह आल्या तरच तसा रिपोर्ट देतात. पैसे शून्य.

तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. आपण सगळे त्यांना काउन्सेलर मॅडम नाहीतर सर म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांचं निम्मं डोक्यात शिरत नाही, माझ्याही नव्हतं शिरलं. लाज न बाळगता दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारा. नवरा-बायको आणि लहान मुलांची तपासणीही इथंच होते.

जायच्या आधी कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल तर १०९७ फिरवा. फोन फुकट आहे, नाव सांगायची गरज नाही.

एक वेगळी गोष्ट इथंच सांगून टाकते. कुणाला आत्ता धोका झाला असेल, म्हणजे निरोध फाटला, सुई टोचली, जबरदस्ती झाली, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका. ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोचलं तर २८ दिवसांचा प्रतिबंधक कोर्स मिळतो. जितकं लवकर तितकं चांगलं. रात्री असेल तर कॅज्युअल्टीत जा.

एआरटीत नाव घालणं

सोलापूर शहरातलं एआरटी सेंटर म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. डॉ. वैशंपायन मेडिकल कॉलेजचा दवाखाना, पण रिक्षावाल्याला "सिव्हिल" म्हटलं की पुरे. गेटवर "एआरटी कुठं?" असं मोठ्यानं विचारायला जीव धजत नसेल तर आयसीटीसीच्या मॅडमना सांगा. त्या चिठ्ठी देतात, कधी सोबत माणूसही देतात.

बरोबर आयसीटीसीचा रिपोर्ट, आधार किंवा रेशनकार्ड, एक-दोन फोटो आणि आधीच्या आजारांचे कागद घ्या. बीपी, शुगर, फिट्स, टीबी, यांच्या ज्या गोळ्या चालू असतील त्यांची रिकामी पाकिटं तरी पिशवीत टाका. कागद अपुरे आहेत म्हणून घरी बसू नका, आहे तेवढं घेऊन जा.

पहिला दिवस अख्खा धरा. सकाळी लवकर जा, उपाशी जाऊ नका, डब्यात भाकरी-चटणी असू द्या. वजन होतं, रक्त जातं, छातीचा एक्स-रे होतो. रक्तात हिमोग्लोबिन, लिव्हर, क्रिएटिनिन, शुगर, कावीळ बी आणि सी, आणि सीडी-फोर एवढं बघतात. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम येणं हे चार प्रश्न विचारतात आणि पुढंही प्रत्येक फेरीला विचारत राहतील. वैतागू नका, टीबी पकडायची ती पहिली पायरी आहे. टीबीची लक्षणं असतील तर आधी त्याचा तपास होतो आणि एचआयव्हीची गोळी थोडी पुढं ढकलतात. नसतील तर बहुतेकांना काही दिवसांतच गोळ्यांची बाटली मिळते.

नोंदणीचा नंबर आणि औषधांची नोंद असलेलं हिरवं पुस्तक मिळतं. पुस्तकाचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, पण फोटोंच्या गॅलरीत उघडे ठेवू नका, पोरं फोन घेतात.

मी गेले तेव्हा नियम वेगळा होता. सीडी-फोर साडेतीनशेच्या खाली आला तरच औषध, आणि माझा ४१० होता. "सहा महिन्यांनी या" म्हणाले. मला वाटलं, हाकलून दिलं. त्या रागात मी शहरातल्या एका खाजगी डॉक्टरकडे गेले. त्याने "ताकद वाढवायची" पावडर, इंजेक्शनं आणि एक काळं पातळ औषध दिलं. चौदा महिन्यांत माझे एकोणीस हजार गेले आणि सीडी-फोर २६० वर आला. आता ती वाट बघायची भानगड राहिलेली नाही. पण पावडर विकणारे अजून आहेत. जडीबुटीने एचआयव्ही जातो म्हणणारेही आहेत. या आजाराला काबूत ठेवणारं औषध एकच प्रकारचं, आणि ते एआरटीत फुकट मिळतं.

शहराच्या पूर्व भागातल्या ज्या आजींना तेलुगूच नीट येतं, किंवा अक्कलकोटकडच्या ज्यांना कन्नड सोपं जातं, त्यांनी भाषा समजत नसताना मान डोलावू नये. भाषा येणारं विश्वासाचं माणूस बरोबर न्या. तसं कुणी नसेल तर काउन्सेलरला सांगा, रांगेत कुणी ना कुणी सापडतं.

बाटली

बहुतेक मोठ्या माणसांना आता रोज एकच गोळी असते. तिला टीएलडी म्हणतात. टेनोफोवीर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्युडिन ३००, डोल्युटेग्रावीर ५०, तिन्ही एकात. एका बाटलीत तीस. मुलांच्या गोळ्या वजनाप्रमाणे वेगळ्या असतात आणि वजन वाढलं की डोस बदलतो, म्हणून मुलाला दर फेरीला वजनकाट्यावर उभं करायचंच.

आधी मी इफाविरेन्झवाली गोळी घेत होते. रात्री घेतली की गरगरायचं, आणि स्वप्नात रात्रभर मशीन चालायचं, दोरा तुटायचा, परत ओवायचा. टीएलडीत ते थांबलं. काहींना हिच्याने सुरुवातीला झोप लागत नाही. मग डॉक्टर सकाळी घ्यायला सांगतात. वजनही वाढतं काहींचं. जेवणाआधी की नंतर, याने फरक पडत नाही. वेळ मात्र एकच ठेवायची. मी सकाळी गिरणीच्या भोंग्याच्या वेळेला घेते. भोंगा कधीच बंद पडला, वेळ राहिली.

विसरलात तर आठवेल तेव्हा लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम गिळू नका. तीस गोळ्यांत एखादी चुकली तर चालून जातं, त्यापुढं विषाणू डोकं वर काढतो. म्हणून पुढच्या फेरीला उरलेल्या गोळ्यांसकट बाटली मागतात आणि मोजतात. दिवस चुकले असतील तर चुकले म्हणा. गोळ्या फेकून हिशोब जुळवणारे मी पाहिलेत. शेवटी रक्तात कळतंच.

आता थोडं बारकाईनं, कारण इथं चुका होतात.

गॅसचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी घेत असाल तर टीएलडी तिच्या आधी दोन तास घ्या, नाहीतर नंतर सहा तासांनी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीचंही तसंच, पण दोन्ही जेवणासोबत घेणार असाल तर ती टीएलडीबरोबर चालते. गरोदर बायकांना आरोग्य केंद्रातून लोह-कॅल्शियम मिळतंच, त्यांनी हे नीट विचारून घ्यावं. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, डोसवर मर्यादा येते. फिट्सच्या काही गोळ्या जमत नाहीत. टीबीचा कोर्स चालू असेल तर डोल्युटेग्रावीरची एक जादा गोळी बारा तासांनी देतात, आणि टीबीचं औषध संपल्यावरही दोन आठवडे ती चालू ठेवायची असते.

अंगदुखीचं आपल्याकडं फार चालतं. मागावर उभं राहून, विड्या वळायला वाकून कंबर धरते, मग मेडिकलमधून गोळी नाहीतर कुठंतरी जाऊन इंजेक्शन. टेनोफोवीर किडनीवर ताण देतं आणि डायक्लोफेनॅकसारखी औषधं तो वाढवतात. नेहमी लागत असेल तर एआरटीत सांगा. सहा महिन्यांनी क्रिएटिनिन बघतात ते त्याच्यासाठीच.

मनाने बंद करू नका. ज्यांना कावीळ बी आहे त्यांच्यात तर अचानक थांबवलं की लिव्हर एकदम बिघडू शकतं, कारण याच गोळीतली दोन औषधं ती कावीळही दाबून ठेवत असतात.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये इथं पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं जातो. पत्र्याच्या घरात लोखंडी कपाटात, टीव्हीच्या वर, खिडकीत बाटली ठेवू नका. मी ती माठाच्या शेजारी कोनाड्यात ठेवते, कोरडी, फडक्यात गुंडाळून. माठाच्या वर नको, ओल लागते. बाटलीच्या आत ओल शोषणारी छोटी पुडी असते, ती काढून फेकू नका.

ही बाटली वाजते. बसमध्ये पिशवी हलली की खुळखुळ, आणि आपल्याला वाटतं सगळी एसटी ऐकतेय. काहीजणी सगळ्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून नेतात. तसं करू नका, चिकटतात, खराब होतात. स्वच्छ कोरडा कापूस वरून दाबून बसवला की आवाज बंद. घरी पोचलात की कापूस काढा. लेबल खरडून काढायचं असेल तर काढा, पण औषधाचं नाव आणि मुदत संपायची तारीख पुस्तकात लिहून घेतल्यावर.

फेऱ्या कमी कशा करायच्या

सुरुवातीचे महिने दर महिन्याला बोलावतात. हाच काळ महाग जातो. अक्कलकोट तालुक्यातल्या एका ताईंचा हिशोब मला पाठ आहे. बसचं जाणं-येणं, चहा-पाव, आणि त्या दिवशीच्या हजार विड्या बुडाल्या त्या. गोळी फुकट असून महिन्याला साडेतीनशे-चारशे जायचे. पहिल्या वर्षात त्यांनी दोनदा बाटली चुकवली ती याच पायी, आणि मॅडमपुढं "विसरले" म्हणाल्या.

पैसे नव्हते म्हणून आले नाही, असं सरळ सांगा. त्यावर उपाय असतात, "विसरले"वर फक्त बोलणी मिळतात.

तब्येत स्थिर झाली, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचा आकडा) दबला आणि गोळ्या नीट चालल्यात असं दिसलं की एकदम तीन महिन्यांच्या बाटल्या देतात. स्वतःहून विचारा. "मॅडम, माझं मल्टी-मंथ होईल का?" एवढं म्हटलं तरी कळतं. दुसरं, तुमच्या बाजूच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात लिंक एआरटी आहे का ते विचारा. तिथं नाव वर्ग केलं की गोळी जवळ मिळते आणि मोठ्या सेंटरला वर्षातून थोड्याच फेऱ्या पडतात. तिसरं, आजारी असाल किंवा हंगाम असेल तर घरचं माणूस पुस्तक दाखवून बाटली नेऊ शकतं का, हे आधीच ठरवून ठेवा. ऐनवेळी फोन करून होत नाही.

तारीख पडली की कॅलेंडर बघा. रविवारी आणि सरकारी सुट्टीला सेंटर बंद. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत शहरातून एसटी काढणं म्हणजे दिव्य, आणि पंढरपूरकडच्यांनी आषाढीच्या आठवड्यातली तारीख घेऊच नये. तारखेच्या चार-पाच दिवस आधी गेलं तरी बाटली मिळते. उशिरा जाऊ नका.

घरात नेहमी पाच-सात गोळ्या शिलकीत असू द्या. २०२२ मध्ये देशात काही ठिकाणी औषधांचा तुटवडा झाला होता, दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे देशाचा एड्स कार्यक्रम चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, कार्यालयासमोर लोक महिनाभराहून जास्त बसून होते. अशा वेळी आठवड्याच्याच गोळ्या हातात पडतात आणि फेऱ्या चौपट होतात. तरी त्या घ्यायच्या, जायचं. आणि शेजारणीची वेगळी गोळी उसनी घ्यायची नाही, तिचं औषध दुसरं असू शकतं.

तपासण्यांचे पैसे

व्हायरल लोड ही सगळ्यात महागाची तपासणी. बाहेर केली तर काही हजार घेतात. सरकारी केंद्रातून ती मोफत आहे. औषध सुरू झाल्यावर सहाव्या महिन्याला, मग बाराव्या, मग वर्षातून एकदा. रिपोर्ट यायला दिवस लागतात, हातात पडेपर्यंत विचारत राहा आणि आकडा स्वतः लिहून घ्या. एक हजाराच्या वर आला तर घाबरायचं नाही. काही महिने गोळ्यांवर लक्ष ठेवून परत तपासतात, आणि तरीही वरच राहिला तर तज्ज्ञांच्या पॅनेलला कागद जाऊन दुसऱ्या फळीचं औषध मिळतं. तेही फुकट.

रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसंच टिकलं, तर शारीरिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बसस्टॉपवर उभी होते आणि तीन बस सोडल्या.

टीबीचं औषध, टीबी होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या, सीडी-फोर कमी असेल तर बाकीचे जंतुसंसर्ग टाळायची कोट्रायमोक्साझोलची गोळी, हे सगळं एआरटीतूनच. टीबी निघाला तर निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, नाव नोंदवलं गेलंय ना एवढं बघा.

कुणी सोनोग्राफी, सीटी बाहेरून करून आणा म्हणालं तर आधी विचारायचं, "इथं होणार नाही का? महात्मा फुलेमध्ये बसेल का?" महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. रोजची एआरटी गोळी त्यात येत नाही, पण ऑपरेशन, डायलिसिस, कॅन्सर असं मोठं काही आलं तर हीच योजना. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवा.

खाजगीत जायचं असेल तर

काहींना सिव्हिल नकोच असतं. कारण गोळी नाही, रांग. "ओळखीचं कुणी भेटलं तर?" मला भेटल्या होत्या, आमच्याच गल्लीतल्या एक काकू. दोघी एकमेकींकडं बघून थिजलो. मग त्याच म्हणाल्या, "तू पण का गं?" त्या दिवसापासून आम्ही एका रिक्षाने येतो, भाडं निम्मं पडतं.

तरी नकोच असेल तर भारतातल्या कुठल्याही एआरटीत नाव घालता येतं. धाराशिव, लातूर, पुणे, तिकडं विजयपूर, कलबुर्गी. लपण्याची किंमत म्हणून प्रवासाचे पैसे मोजावे लागतात, आणि तीन महिन्यांची बाटली मिळायला लागेपर्यंत ते टोचतात.

खाजगी डॉक्टरकडे जाणार असाल तर चार गोष्टी बघा. डॉक्टरने एचआयव्हीचे पेशंट नेहमी बघितलेले असावेत. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर घटक आणि मिलिग्रॅम लिहून मागा. ही औषधं सिप्ला, हेटेरो, एमक्युअर अशा आपल्याच कंपन्या बनवतात आणि घटक तेच असले तरी किमतीत फरक असतो. बिल घ्या. आणि दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची बाटली मागवा, कारण छोट्या मेडिकलमध्ये ती ठेवलेली नसते, पुण्याहून येते. त्याबरोबर जी सिरपं, व्हिटॅमिनं, प्रोटीनचे डबे लिहून येतात त्यातलं नेमकं काय लागतं ते विचारा. शेंगदाणे, डाळ, ज्वारीची भाकरी, अंडं यावर मी तेरा वर्षं चालवलंय.

पैसे संपले म्हणून गोळी बंद करणारे सगळ्यात जास्त खाजगीतच बघितले मी. तसं होण्याआधी कागद घेऊन सरकारी सेंटरला या. इतके दिवस कुठं होतात, असं म्हणून परत पाठवत नाहीत.

आणखी मिळणारे पैसे

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्त बसतात. महिन्याला १,५०० रुपये. अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजारांत घर चालवून दाखवायचं. हा आकडा कुणी आणि कुठल्या सालचा बाजार बघून ठरवला, देव जाणे. तरी विधवा, एकटी माणसं, म्हातारी जोडपी यांनी अर्ज करावाच. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, आधार, बँक पासबुक, आणि सरकारी दवाखान्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं.

मी अर्ज केला तेव्हा एका कार्यालयात टेबलामागून आवाज आला, "त्या एड्सवाल्या बाईची फाईल कुठाय?" पंधरा माणसं बसली होती. मी फाईल घेऊन निघून आले आणि दोन वर्षं परत गेले नाही, म्हणजे त्या हिशोबाने माझं किती गेलं बघा. तुम्ही असं करू नका. प्रमाणपत्र बंद पाकिटात द्या, बाहेरच्या एजंटला दाखवू नका, आणि काउन्सेलरना विचारून ज्यांना या अर्जांची सवय आहे असं माणूस बरोबर न्या. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमचं दुखणं चव्हाट्यावर आणणं, त्यापायी दवाखान्यातून किंवा नोकरीवरून हाकलणं, याला त्यात मनाई आहे, आणि तक्रारीसाठी राज्यात लोकपाल नेमायची तरतूद आहे.

आई-वडील गेलेले किंवा आजारी असतील त्या मुलांना बाल संगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात.

एसटीच्या साध्या बसमध्ये एचआयव्ही बाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे, दाखला लागतो. खरं सांगते, बरेचजण तो काढतात आणि दाखवत नाहीत. गावच्या बसमध्ये कंडक्टर तीन घरं सोडून राहणारा असतो. बायकांना मार्च २०२३ पासून सगळ्यांनाच अर्धं तिकीट आहे, त्यात कुणी काही विचारत नाही. एआरटीला जायला रेल्वेतही सवलत आहे. कारखान्यात ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत एड्स आहे, फार आजारी पडून घरी बसायची वेळ आली तर पगाराचा काही भाग त्यातून मिळू शकतो.

गाव सोडताना

आपल्याकडची माणसं एका जागी राहत नाहीत. उसतोडीला, भिवंडीला, पुण्याला हॉटेलात. कायमचं जाणार असाल तर इथून ट्रान्सफर घ्या, तिकडच्या एआरटीत त्याच दिवशी नाव घालतात आणि तुमची माहिती संगणकावर तिकडं दिसते. थोड्या दिवसांसाठी असेल तर तसं सांगून जादा बाटली मागा. न सांगता गेलात आणि तिकडं गोळ्या संपल्या, तर वाट बघू नका. हिरवं पुस्तक, नाहीतर मोबाईलमधला त्याचा फोटो घेऊन जवळच्या एआरटीत जा, तात्पुरत्या गोळ्या देतात. सेंटर कुठं आहे ते माहीत नसेल तर १०९७ वर शहराचं नाव सांगा.

काकूंचा मुलगा परवा हैदराबादला कामाला लागला. जाताना त्याला वाटलं आईच्या बाटल्याही घेऊन जाव्यात, ती तिकडंच राहील. मी म्हटलं, बाटल्या ने, पण ट्रान्सफरचा कागद आधी. सोमवारी आम्ही दोघी त्यासाठीच सिव्हिलला जाणार आहोत, साडेनवाच्या रिक्षाने.